मुक्त सॉफ्टवेअर आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी किरकोळ फेरफार केले आहेत.)



ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या कामात आपल्या मुलांनी भाग घ्यावा काय, आणि घ्यावा तर कसा, या विषयावर बोलण्याची आज्ञा चिटणीससाहेबांनी केली तेव्हा मी थोडा चपापलो. मी बी.ए., बी.एड. मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. या सभागृहात इंजिनियर झालेली आपलीच मुले बसलेली आहेत, त्यांच्यापैकी कोणाला उभे करावे, असे मी सुचवून पाहिले. त्यावर चिटणीससाहेब म्हणाले, "ते बोलले तर आम्हांला काही समजणार नाही. तुम्हांला जेवढे समजले आहे तेवढेच सांगा." तेव्हा जेवढे समजले आहे तेवढेच सांगतो.

मदिनेतल्या रूमा नावाच्या विहिरीची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी मदरशात ऐकलेली असेल. गोड्या पाण्याची विहीर, आणि तिचा मालक पाणी विकत असे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि सर्वांसाठी खुली करून दिली. पुढे ते स्वतःही इतरांसारखेच त्या विहिरीचे पाणी घेत. वक्फ म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगताना मी नेहमी हीच गोष्ट सांगतो. एकदा वक्फ केलेली वस्तू विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. तिचा उपयोग मात्र सर्वांनी करायचा.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. संगणकावर किंवा मोबाइलवर जे काही चालते ते कोणीतरी ओळीओळीने लिहिलेले असते. त्या मूळ लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तो कुलपात ठेवतात. आपल्याला वापरायला मिळते ते तयार रूप. आत काय आहे ते पाहता येत नाही, चुकले तर दुरुस्त करता येत नाही. अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना ही गोष्ट खटकली. प्रयोगशाळेतले छपाईचे यंत्र वारंवार अडायचे. त्याचे सॉफ्टवेअर हाताशी असते तर त्यांनी थोडी सुधारणा करून घेतली असती. पण ते त्यांना मिळेना. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केले की, मी एक संपूर्ण प्रणाली लिहिणार आणि ती सर्वांसाठी खुली ठेवणार. या कामाला त्यांनी ग्नू असे नाव दिले. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर असेच काही करीत असल्याचे कळवले आणि लोकांच्या सूचना मागवल्या. त्याच्या कामाला लिनक्स म्हणतात. या सभागृहात ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा मोबाइल आहे, त्या सर्वांच्या खिशात त्या विद्यार्थ्याच्या कामाचा गाभा आज आहे. त्यानंतर हजारो लोकांनी त्यात भर घातली, तेव्हा तो आजच्या रूपाला आला.

स्टॉलमन यांनी आपल्या सॉफ्टवेअरला जो परवाना जोडला, जी.पी.एल. म्हणतात तो, तो मला वक्फनाम्यासारखा वाटतो. घ्या, वापरा, आत पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. दिल्याबद्दल पैसे घेतले तरी चालेल. मात्र बदलून दुसऱ्याला देताना त्यालाही हेच सर्व हक्क द्या. विहीर खोल करा, पण तिला झाकण घालून कुलूप लावू नका. सर्वच परवाने असे कडक नसतात, हेही सांगितले पाहिजे. काही परवाने असे आहेत की पाणी न्या, सरबत करा, बाटलीत भरून विका, बाटलीत काय घातले ते सांगण्याची सक्ती नाही. मोठमोठ्या कंपन्यांना हे दुसरे परवाने आवडतात, यात नवल नाही. विहिरीत आणि सॉफ्टवेअरमध्ये एक फरक आहे. विहिरीचे पाणी उपसले की कमी होते. सॉफ्टवेअरच्या लाख प्रती काढल्या तरी मूळ प्रत थेंबभरही आटत नाही.

पण गाळ साचतो, आणि गाळ कोणी काढायचा हा प्रश्न राहतोच. आपल्याकडे एखाद्या जुन्या विहिरीचे पाणी गावभर पितात आणि ती साफ करायला उन्हाळ्यात दोनच माणसे उतरतात, तसेच येथेही होते. एक्सझेड नावाचे एक लहानसे खुले सॉफ्टवेअर आहे. माहिती दाबून लहान करण्याचे काम ते करते आणि जगभरच्या संगणकांत ते असते. कित्येक वर्षे एकच गृहस्थ ते फावल्या वेळात सांभाळत होते, थकलेही होते. जिया टॅन असे नाव सांगणारा कोणी त्यांच्या मदतीला आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने चांगले काम केले, विश्वास मिळवला आणि मग त्यात एक चोरदरवाजा बसवून ठेवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले की, आपल्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही म्हटले असते की नेटवर्क मंद असेल. तो माणूस त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि त्याने चोरी उघडकीस आणली. कोड उघडा होता म्हणून त्याला आत शिरून पाहता आले. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण 'योगदान' म्हटले की आपल्यासमोर शेकडो ओळी भराभर लिहिणारा हुशार मुलगा उभा राहतो. येथे तर एका माणसाने फक्त नीट पाहिले.

आता आपल्या घरचे बोलू. आपली सभा भरली की कोणीतरी उठून सांगतो की, अल्गोरिदम हा शब्द अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. मीही वर्गात सांगतो, आणि ते खरेच आहे. पण ते गृहस्थ नवव्या शतकात बगदादला होऊन गेले. त्यांच्या नावावर आपण आणखी किती दिवस उधारी खाणार?

आपल्या मुलांची स्थिती काय आहे ते पालकांना माहीत आहे. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात मुलगा बारावी झाला, पदवीधर झाला की तारापूरच्या एम.आय.डी.सी.त खटपट सुरू होते. एका फाइलमध्ये प्रमाणपत्रे साठतात. टायपिंगचे, संगणकाच्या कोर्सचे, आणखी कसले कसले. आणि तरी मुलगा घरी येऊन म्हणतो, "ओळख नाही, वशिला नाही." मुलाखतीत नाव आणि पत्ता ऐकल्यावर समोरच्या माणसाचा सूर बदलतो, अशीही तक्रार मी आपल्या मुलांकडून ऐकलेली आहे. प्रत्येक वेळी ती खरी असते असे नाही; प्रत्येक वेळी खोटी असते असे म्हणण्याचे धाडसही मी करणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात नाव दिसतच नाही असे मी म्हणत नाही. ते दिसते. मात्र काम नावाच्या शेजारी, सर्वांसमोर, कायमचे ठेवलेले असते. कोणते काम केले, कोणी तपासले, काय चुकले, कसे सुधारले, हे कोणीही उघडून पाहू शकतो. नाकारले तर सहसा कारण लिहिलेले असते, आणि ते कारणही चारचौघे वाचतात. ज्याच्या मागे बोलणारे कोणी नाही त्याला ही सोय लहान नव्हे.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. आमचा एक माजी विद्यार्थी केमिकल इंजिनियरिंगला गेला. त्याचे नाव मी घेत नाही, त्याला संकोच वाटेल. त्याचे वडील बोईसरला एका कारखान्यात ऑपरेटर. वीस वर्षे रात्रपाळ्या केलेला माणूस. पवईच्या आय.आय.टी.मध्ये फॉसी नावाचा प्रकल्प आहे. केंद्र सरकारच्या साहाय्याने चालणाऱ्या या प्रकल्पाचा हेतू असा की, महागड्या सॉफ्टवेअरऐवजी शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर वापरले जावे. त्यात रसायन अभियांत्रिकीसाठी डी.डब्ल्यू.सिम नावाचे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. त्याची सुरुवात ब्राझीलमधल्या एका अभियंत्याने केली. पडद्यावर पंप, हीट एक्स्चेंजर, रिअ‍ॅक्टर, डिस्टिलेशन कॉलम मांडायचे, त्यांना पाइपांनी जोडायचे, आत जाणाऱ्या मालाचे तापमान, दाब आणि घटकांचे प्रमाण द्यायचे, म्हणजे बाहेर काय निघेल ते हे सॉफ्टवेअर गणित करून सांगते. कारखान्यातला प्लँट कागदावर आणला की फ्लोशीट होते. येथे ती फ्लोशीट चालते. याच कामाची कंपन्यांची सॉफ्टवेअरे आहेत, परंतु त्यांची किंमत आपल्या ऐपतीबाहेरची.

फॉसीची रीत अशी आहे. विद्यार्थ्याने एखादी प्रक्रिया निवडून प्रस्ताव पाठवायचा. तो मंजूर झाला की फ्लोशीट तयार करायची. जाणकार ती तपासतात, चुका दाखवून परत पाठवतात. शेवटी पसंत पडली की ती विद्यार्थ्याच्या व कॉलेजच्या नावासह सर्वांना फुकट घेण्यासाठी ठेवली जाते. प्रमाणपत्र मिळते, काही मानधनही मिळते. पवईला पाय ठेवावा लागत नाही. बोईसरच्या खोलीत बसून हे होते.

आमच्या मुलाने प्रस्ताव पाठवला, तो मंजूर झाला. काम मात्र अडले. कॉलमच्या डोक्यावरून जो माल निघायचा तो काही केल्या पुरेसा शुद्ध निघेना. तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री वडील पाळीवरून आले, जेवता जेवता त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "हे काय आहे?" मुलाने सांगितले. इंग्रजी आकडे-अक्षरे त्यांना फारशी वाचता येत नाहीत, पण कॉलम त्यांनी ओळखला. "वरून परत किती सोडतोस?" मुलाने रिफ्लक्सचा आकडा सांगितला. अब्बा हसले. "एवढ्या रिफ्लक्समध्ये आमचाही माल कधी साफ निघाला नाही." आकडा वाढवला आणि माल शुद्ध निघाला; खालच्या रिबॉयलरला उष्णता जास्त लागू लागली, तेही त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. मुलगा मला म्हणाला, "सर, अब्बा नेमके काय काम करतात हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले." फ्लोशीट दोनदा दुरुस्त्यांसाठी परत आली, काही महिने गेले, शेवटी ती पसंत झाली. आज त्याला नोकरी लागली आहे. ती या कामामुळेच लागली असे तो म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. मुलाखतीत त्या लोकांनी अर्धा तास फक्त त्या फ्लोशीटविषयी विचारले, एवढे मात्र तो सांगतो.

सर्व मुले काही केमिकलला जाणार नाहीत. कोड न लिहिताही करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि तेथे आमच्यासारख्या भाषेच्या माणसांची गरज आहे. मराठीतून सॉफ्टवेअर वापरायचे तर आधी त्याचे प्रत्येक वाक्य कोणीतरी मराठीत केलेले असावे लागते. अक्षरेही कोणीतरी काढलेली असावी लागतात. रेड हॅट कंपनीने खुले केलेले लोहित फाँट, मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्ता फाँट, हे कोणालाही फुकट वापरता येतात, बदलताही येतात. वाडा तालुक्यातल्या गोऱ्हे गावाचे नाव पडद्यावर नीट उमटावे यासाठी कोणीतरी त्या 'ऱ्ह'चा वेगळा विचार केलेला असतो. आपण तो फॉर्म भरतो आणि पुढे जातो.

मी स्वतः तीन वर्षांपूर्वी अशाच एका भाषांतराच्या कामाला हात घातला. कोणत्या सॉफ्टवेअरचे ते सांगत नाही, कारण फजिती माझी झाली. इंग्रजी वाक्य होते, अमुक फाइल काढून टाकायची का, अशा अर्थाचे. मध्येच टक्क्याची खूण आणि तिला चिकटलेले 'एस' हे रोमन अक्षर. मी पडलो मराठीचा मास्तर. मला वाटले छापणाऱ्याची चूक आहे. मी ती खूण गाळली आणि उत्तम, वळणदार मराठी वाक्य पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले: वाक्य चांगले आहे, पण त्या खुणेच्या जागी सॉफ्टवेअर फाइलचे नाव भरते. ती काढली तर कोणती फाइल जाणार हे वापरणाऱ्याला कळणार नाही, आणि काही ठिकाणी सॉफ्टवेअर बंदही पडेल. उत्तर देणारा कोण, कुठला, मला आजही ठाऊक नाही. बारा वर्षे मी मुलांच्या वह्यांवर लाल शाईने रेघा मारतो आहे. इतक्या सभ्यपणे मी एकाही मुलाला चूक दाखवलेली नाही, हे मला त्या दिवशी जाणवले. मग मी ते वाक्य ती खूण योग्य जागी ठेवून पुन्हा लिहिले. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे खुणेची जागाही हलते. हे मराठीचा मास्तरच सांगू शकतो.

पुढे आमच्या नववीतल्या दोन मुलींनी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरच्या मराठी रूपात एक गफलत शोधली. एकाच आज्ञेला एका ठिकाणी 'जतन करा' म्हटले होते आणि दुसऱ्या ठिकाणी 'साठवा'. वापरणाऱ्याला वाटावे, ही दोन निराळी कामे आहेत. मुलींनी कोठे काय आहे ते व्यवस्थित लिहून कळवले. आठ दिवसांत दुरुस्ती झाली. एवढे लहान काम, पण त्यांना वर्गात आणखी एक बाक उंच बसवल्यासारखे झाले. आय.आय.टी.तच सुरू झालेला स्पोकन ट्युटोरियल म्हणून उपक्रम आहे. सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे, मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे, मराठीतही आहेत. ज्या घरात इंग्रजीची अडचण आहे त्यांनी तेथून सुरुवात करावी. मोझिला संस्थेच्या कॉमन व्हॉइस या उपक्रमात वाक्ये वाचून आपला आवाज देता येतो, यंत्राला आपली बोली समजावी म्हणून. त्याबाबत एकच सूचना: दिलेला आवाज सर्वांसाठी खुला होतो, सबब घरात विचारून द्यावा.

आता जे करू नये ते. दर ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम चालतो. खुल्या सॉफ्टवेअरला चार दुरुस्त्या पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी त्याची योजना होती. २०२० साली एका व्हिडिओत सोपी युक्ती दाखवली गेली आणि आपल्या देशातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी ती उचलली. माहितीच्या कागदावर 'फार सुंदर' असा एखादा शब्द वाढवायचा आणि म्हणायचे, ही माझी दुरुस्ती! फावल्या वेळात काम करणाऱ्या माणसांवर असल्या निरर्थक दुरुस्त्यांचा पाऊस पडला. पहिल्या आठवड्यातच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्यांची इच्छा असेल त्यांच्याच कामात भाग घेता येईल. टी-शर्टसाठी गाळ काढायचा सोडून विहिरीत खडे टाकणारे आपलेच विद्यार्थी होते, हे सांगताना मला लाज वाटते. आजकाल यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर न वाचता पाठवणारेही निघाले आहेत. ती याच पंक्तीतली मंडळी.

पालकांचा प्रश्न मला ऐकू येतो आहे. फुकट काम कशासाठी? प्रश्न रास्त आहे. ज्या घरात चूल मुलाच्या पगारावर पेटायची आहे, तेथे त्याने आधी पगाराचे काम शोधावे. दहावी-बारावीच्या वर्षात यात पडू नये. यातून नोकरी मिळेलच अशी हमी कोणी दिली, आणि त्यासाठी फी मागितली, तर त्याच्या दुकानाची पायरी चढू नये. कारण या कामाला प्रवेश फी नाही. परंतु कोर्समागून कोर्स करून प्रमाणपत्रांवर जो पैसा आपण घालतो, त्यातल्या एका प्रमाणपत्राइतका वेळ मुलाला येथे घालू द्यावा, एवढी माझी विनंती आहे. शिवाय मुलगा किंवा मुलगी मोबाइल घेऊन बसली की सर्वच वेळ वाया जातो असे धरून चालू नये. जवळ बसून विचारावे, काय करतोस? कदाचित त्या ऑपरेटर बांधवासारखे आपल्यालाही काही सांगता येईल.

येत्या रविवारपासून दुहरच्या नमाजनंतर दोन तास शाळेची संगणकाची खोली या कामासाठी उघडी राहील, असे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. आठवी आणि पुढची मुले-मुली, माजी विद्यार्थी, कोणीही यावे. पहिल्या दिवशी कोणी कोठे काही पाठवायचे नाही. प्रत्येकाने एका कागदावर एक तक्रार लिहून आणावी: कोणते सॉफ्टवेअर वापरत होतो, काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्ष काय झाले. नुसते 'चालत नाही' असे लिहिलेला कागद मी परत करीन. खोलीत बारा संगणक आहेत, त्यांपैकी नऊ चालतात. उरलेले तीन उघडून पाहायला कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करणारे दोघे-तिघे पालक आले तर बरे होईल. स्क्रू-ड्रायव्हर मात्र आपापले आणावेत.